संगणक नवा, नोंदी जुन्या

०५/११/२०२३. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये एका गरोदर बाईच्या नावापुढे शेवटच्या पाळीची तारीख अशी लिहिली आहे, असे समजू. आपल्याकडे कुणीही ती ५ नोव्हेंबर अशीच वाचेल. त्यात २८० दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख येते ११ ऑगस्ट २०२४. आता हीच नोंद जुन्या संगणकातून नव्या संगणकात नेली आणि नव्यात तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी, राहून गेली तर? पाळीची तारीख होते ११ मे आणि प्रसूतीची १५ फेब्रुवारी. जुलैच्या अखेरीस 'येत्या पंधरा दिवसांत प्रसूती होणाऱ्या महिला' अशी यादी काढली, तर तीत या बाईचे नाव नसेल. संगणकाच्या हिशेबाने ती फेब्रुवारीतच बाळंत झालेली आहे.

भामरागड तालुक्यात ऑगस्ट महिना कसा असतो हे तिथल्या लोकांना सांगायला नको. दूरच्या वाचकांसाठी सांगायचे तर गडचिरोलीपासून हे गाव पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, छत्तीसगडच्या सीमेवर आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या इथे मिळतात. पर्लकोटेला मोठा पूर आला की आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो, आणि आतल्या टोल्यांचा संपर्क तर त्याआधीच तुटलेला असतो. अशा ठिकाणी कळा सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो; बाईला काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवावे लागते. आदिवासी भागांतली 'माहेरघर' योजना त्यासाठीच आहे. कुणाला कधी आणायचे हे प्रसूतीच्या अंदाजे तारखेवरून ठरते. तारीखच सहा महिने मागे गेली तर आणायला कुणी जाणार नाही.

या चुकीचा खोडसाळपणा असा, की ती सगळ्या नोंदींत होत नाही. २५/११ ही तारीख उलटी वाचताच येत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. तिथे संगणक अडतो, चूक दाखवतो आणि ऑपरेटर ती दुरुस्त करतो. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखा मात्र मुकाट्याने उलटतात. हिशेब केला तर वर्षाच्या ३६५ तारखांपैकी १३२ तारखा अशा आहेत. अडलेल्या नोंदी दुरुस्त झाल्या की 'सगळा डेटा आला' असे कागदावर लिहिले जाते, आणि या १३२ दिवसांच्या नोंदी तशाच राहतात.

जुने सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेणे हा संगणकवाल्यांचा विषय, असे रुग्णालयांत समजले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ला मायक्रोसॉफ्टचा नियमित मोफत आधार मिळणे बंद झाले, तेव्हाही बहुतेक ठिकाणी ही बातमी संगणकाच्या खोलीतच राहिली. खरे तर ती प्रयोगशाळेत, एक्स-रेच्या खोलीत आणि नोंदणीच्या खिडकीवरही पोहोचायला हवी होती.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे वॉर्डाच्या भाषेत सांगता येईल. डॉक्टर म्हणतो, सलाईन लावा. सलाईन कोणत्या कपाटात आहे, किल्ली कुणाकडे आहे, स्टँड कुठे ठेवला आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते वॉर्डातल्या सिस्टरला ठाऊक असते. प्रोग्रॅम हा डॉक्टर, तर ऑपरेटिंग सिस्टीम ही सिस्टर. प्रोग्रॅम म्हणतो, ही फाइल ठेव, हा अहवाल छाप, त्या मशीनकडून आकडा आण. प्रत्यक्ष काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. नव्या सिस्टर आल्या, कपाटांची जागा बदलली, किल्ल्या बदलल्या आणि जुनी सांकेतिक भाषा त्यांना कळेनाशी झाली, की जुना डॉक्टर नुसता हाका मारत राहतो.

रुग्णालयात हा प्रश्न बँकेपेक्षा किंवा तहसीलपेक्षा अवघड होतो, याचे कारण संगणकाला जोडलेली यंत्रे. रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर, डिजिटल एक्स-रे, सिकलसेलचे पक्के निदान करणारे एचपीएलसी, क्षयरोगासाठीचे सीबीनॅट, या बहुतेकांच्या शेजारी एक संगणक असतो आणि यंत्राचा मेंदू त्यातच असतो. चांगले यंत्र पंधरा वर्षे चालते. 'विंडोज एक्सपी'चा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, 'विंडोज ७'चा १४ जानेवारी २०२०ला आणि आता दहाचा. म्हणजे यंत्र धडधाकट असतानाच त्याच्या संगणकाचा एखादा जन्म संपून जातो.

मग नवा संगणक आणून जुना प्रोग्रॅम त्यात का टाकत नाहीत? टाकून पाहतातच. 'विंडोज ११' फक्त ६४ बिटचे आहे. नव्वदच्या दशकात १६ बिटसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर सुरूच होत नाहीत. ३२ बिटचे सुरू होतात, पण यंत्राशी बोलणी करून देणारा दुभाषी, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो नव्याने लिहावा लागतो. ज्या कंपनीने यंत्र विकले तिने तो लिहिला नाही, किंवा ती कंपनीच दुसरीने विकत घेतली, तर विषय संपला. जुनी यंत्रे ज्या नऊ टाचण्यांच्या सिरियल पोर्टला जोडलेली असत, तो पोर्टच नव्या संगणकाला बहुधा नसतो. काही प्रोग्रॅम इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालत. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ला निवृत्त केला. आणि उलट बाजूने, अकराव्या विंडोजला सुरक्षेची टीपीएम ही चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे साधारण २०१८च्या आधीचा संगणक कितीही चांगला चालत असला तरी अधिकृतपणे बाद ठरतो.

त्यावर सर्वांत सोपा आणि सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे काहीच न करणे. चालते आहे तोवर चालू द्या. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टांचे काम विस्कळीत झाले. रुग्णांच्या हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, काही ठिकाणचे तातडीचे रुग्ण दुसरीकडे वळवले गेले. त्या वेळी सगळा दोष जुन्या एक्सपीवर ढकलला गेला. नंतरच्या चौकशीत दिसले की बाधित संगणकांपैकी बहुतेक 'विंडोज ७'चे होते. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, फक्त ती कुणी लावली नव्हती. तेव्हा जुने ठेवायचेच असेल तर ते नेटवर्कपासून पूर्ण तोडून ठेवावे लागते. यंत्रासाठी ते चालते. आपल्याकडे मात्र तोडलेल्या संगणकातून अहवाल बाहेर काढायला पेन ड्राइव्ह वापरतात, आणि तोच पेन ड्राइव्ह दिवसभर साऱ्या कार्यालयात फिरत असतो.

दुसरे टोक म्हणजे जुना प्रोग्रॅम रेटून नव्यावर बसवणे. याचे वैद्यकातले सर्वांत भयंकर उदाहरण कॅनडातल्या 'थेरॅक-२५' या रेडिएशनच्या यंत्राचे आहे. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना या यंत्रातून अतिप्रचंड मात्रा गेली. काही ठिकाणी ती ठरवलेल्या मात्रेच्या शंभर पटींच्या घरात होती. काही रुग्ण त्यातच दगावले. यंत्राच्या सॉफ्टवेअरमधला काही भाग आधीच्या मॉडेलांवरून घेतलेला होता. जुन्या 'थेरॅक-२०'वर तो वर्षानुवर्षे सुरळीत चालला, म्हणून तो निर्दोष मानला गेला. खरे म्हणजे दोष तिथेही होता. टंकणाऱ्याने चुकीचा पर्याय घालून तो काही सेकंदांत बदलला की प्रोग्रॅमचा गोंधळ उडे. पण जुन्या यंत्रात सॉफ्टवेअरशी संबंध नसलेले स्वतंत्र विद्युत अडसर होते. गोंधळ झाला की फ्यूज उडे आणि तंत्रज्ञ वैतागून पुन्हा यंत्र सुरू करी. नव्या यंत्रात ते अडसर काढून टाकून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. 'आजवर काही झाले नाही' हे वाक्य डॉक्टर औषधाबाबतही फार वापरतात. आजवर काही झाले नाही ते कशामुळे, हे त्या वाक्यातून कळत नाही.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत रेडिएशनची यंत्रे नाहीत. इथे धोका साध्या आकड्यांचा आहे. आकडा एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना एकक मागे राहते. प्लेटलेटची संख्या कुठे दीड लाख अशी साठवतात, कुठे १५०. बाळाचे वजन कुठे किलोत १.८, कुठे ग्रॅममध्ये १८००. नव्या प्रोग्रॅमने १.८ला ग्रॅम समजले तर तो निदान अडून बसेल. पण जुन्या प्रोग्रॅममध्ये 'तपासणी केली नाही' याची खूण म्हणून शून्य घालण्याची पद्धत असेल आणि नव्याने ते शून्य 'निगेटिव्ह' असे वाचले, तर कुणाला पत्ता लागणार? न तपासलेला रुग्ण निरोगी म्हणून नोंदला जातो. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या जिल्ह्यात या एका शून्याची किंमत मोठी आहे.

मराठीची अडचण आणखी वेगळी. युनिकोड रुळण्याआधी आपण जे मराठी टंकत होतो, ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतेच. आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असत, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देई. तो फॉन्ट नव्या संगणकात नसला की रुग्णाच्या नावाच्या जागी चिन्हांचा खिचडा दिसतो. अनेक कार्यालयांत अशा जुन्या फायली 'खराब झाल्या' म्हणून पुसून टाकतात. त्या खराब नसतात. योग्य फॉन्टवरून युनिकोडमध्ये बदलणारे साधन वापरले तर त्यातल्या बहुतेक वाचता येतात. फक्त र्‍य, ळ आणि जोडाक्षरे नजरेखालून घालावी लागतात.

पुढे पोर्टल आले आणि नावे इंग्रजीत लिहिणे सुरू झाले. पुंगाटी या आडनावात एक टी की दोन, मडावीत व्ही की डब्ल्यू, हे टंकणाऱ्याच्या मर्जीवर. माडिया नावांचे उच्चार बाहेरून आलेल्या ऑपरेटरला नीट ऐकूही येत नाहीत. एकाच नावाची तीन माणसे एका गावात आणि एकाच नावाची दोन गावे एका तालुक्यात असू शकतात. जुन्या रजिस्टरमध्ये नर्सबाईंनी समासात 'नदीपलीकडच्या टोल्यावरची' असे लिहून प्रश्न मिटवलेला असतो. नव्या तक्त्यात समास नसतो.

आणि इथे मूळ विषय थोडा बदलतो. एका विंडोजवरून दुसऱ्या विंडोजवर जाणे हा स्थलांतराचा लहान प्रकार आहे. गेल्या पंधरा वर्षांतले मोठे स्थलांतर खोलीतल्या संगणकावरून दूरच्या सर्व्हरवर आणि हातातल्या मोबाइलवर झाले. क्षयरोगाचेच पाहा. पूर्वी जिल्ह्याचा तिमाही अहवाल 'एपिसेंटर' नावाच्या प्रोग्रॅमवर तयार होई. तो अमेरिकेच्या सीडीसी संस्थेने डॉसच्या जमान्यात काढलेल्या 'एपि इन्फो'वर बेतलेला होता. त्यात किती रुग्ण सापडले, किती बरे झाले, असे गोळाबेरीज आकडे असत. २०१२ साली 'निक्षय' हे संकेतस्थळ आले आणि प्रत्येक रुग्णाची वेगळी नोंद सुरू झाली. २०१८ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. जुन्या प्रोग्रॅममधून नव्यात रुग्ण आणणार कसे? जुन्यात माणूस नव्हताच, आकडा होता. माणूस होता तो कागदी टीबी रजिस्टरमध्ये. ज्यांनी ती रजिस्टरे जपली, त्यांनाच दहा वर्षांपूर्वी कुणाला कोणता उपचार दिला हे आज सांगता येते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात नेमकी तीच माहिती लागते.

नव्या पद्धतीचा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये थेट खात्यात मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. नोंद नीट असेल तर भामरागडच्या रुग्णालाही ते मिळतात. नोंद दोनदा झाली, बँकेच्या खात्याशी नाव जुळले नाही किंवा उपचार सुरू झाल्याची तारीख चुकली, तर पैसे अडकतात. शहरातला रुग्ण चौकशीला येतो. जंगलातला येत नाही. तो गोळ्या घेऊन गेलेला असतो.

साथरोगांचेही तसेच. २००४ साली सुरू झालेल्या सर्वेक्षण प्रकल्पात आठवड्याचे अहवाल जात. एप्रिल २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या 'आयएचआयपी' या नव्या मंचावर रोज, गावाच्या पातळीवर माहिती भरायची असते. मंच उत्तम आहे. फक्त तो मुंबई-दिल्लीच्या खोलीत बसून आखताना वीज आहे, नेट आहे, मोबाइलवर ओटीपी येतो, हे गृहीत धरलेले असते. जुन्या विंडोजवरचा प्रोग्रॅम संगणकात काहीही गृहीत धरो, नेट गेले तरी चालत होता. नव्या ॲपचे पहिले गृहीतकच पावसाळ्यातल्या दुर्गम टोल्यावर कोलमडते. मग आरोग्य कर्मचारी आधी कागदावर लिहितात आणि रेंजमध्ये आल्यावर भरतात. याला दुहेरी काम म्हणून नावे ठेवली जातात. वस्तुतः तेवढ्यानेच माहिती टिकते.

सिकलसेलच्या बाबतीत तर काळाचे गणितच निराळे आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. ही तपासणी रक्तातल्या साखरेसारखी पुन्हा पुन्हा करायची नसते. एचपीएलसीवर एकदा पक्के निदान झाले की ते जन्मभराचे. आश्रमशाळेतल्या आठ वर्षांच्या मुलीला आज 'वाहक' असा शेरा मिळाला, तर त्या शेऱ्याचा खरा उपयोग दहा-बारा वर्षांनी, तिच्या लग्नाच्या वेळी आणि नंतर गरोदरपणात होणार. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते; हे आधी कळले तर समुपदेशन करता येते. तेवढ्या काळात विंडोजची आवृत्ती किमान एकदा बदलेल, यंत्र बदलेल, कंत्राटदारही बदलेल. म्हणजे ही नोंद मुळातच ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा जास्त जगायला हवी. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा घरगुती संगणक अस्तित्वात नव्हता. त्या वर्षी तिथे आलेले मूल आज नातवाला घेऊन येऊ शकते. आजार आणि कुटुंब यांचे माप हे असे असते.

राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना याचा अनुभव २०२२च्या जुलैत आला. तिथली संगणकीय प्रणाली चालवणारी खासगी सेवा थांबली आणि खिडकीवर पुन्हा हाताने केसपेपर लिहिणे सुरू झाले. पुढे सरकारी प्रणालीकडे जाण्याचे काम हाती घेतले गेले. प्रणाली कुणाचीही असो, करार करतानाच एक कलम घातलेले बरे: सेवा संपताना सर्व नोंदी कुठल्याही संगणकात उघडतील अशा साध्या मजकुराच्या स्वरूपात, कोणत्या रकान्यात काय आहे याच्या खुलाशासह, रुग्णालयाच्या हाती द्यायच्या. हे कलम नसले तर नोंदी असूनही हाती लागत नाहीत.

बाकीचे उपाय फार महागडे नाहीत. जुना प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या आत एक आभासी जुना संगणक उभा करून चालवता येतो. नोंदी पाहण्यापुरते ते पुरेसे असते. यंत्राला जोडलेल्या प्रोग्रॅमबाबत मात्र हा प्रयोग घरच्या घरी करू नये. उत्पादकाने तपासून मान्य केलेली आवृत्तीच घालावी आणि नंतर माहीत असलेल्या नमुन्यांवर आकडे जुळतात का हे पाहावे. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहावा: ५ नोव्हेंबर. शून्य, रिकामे आणि निगेटिव्ह या तीन वेगळ्या खुणा असाव्यात. एक-दोन महिने जुने आणि नवे शेजारी शेजारी चालवावे. कर्मचारी कुरकुरतील, आणि त्यांची कुरकुर रास्त असेल, कारण त्यासाठी जादा माणूस कुणी देत नाही.

सर्वांत स्वस्त तपासणी मात्र संगणकाबाहेरची आहे. नव्या संगणकातून गरोदर महिलांची, क्षयरुग्णांची आणि सिकलसेल वाहकांची गावनिहाय यादी छापायची, उपकेंद्रात न्यायची आणि नर्सबाई व आशाताईंसमोर मोठ्याने वाचायची. 'ही फेब्रुवारीत बाळंत झाली' असे वाचताच आशाताई म्हणेल, नाही साहेब, ही तर अजून पोटुशी आहे. मग जुने रजिस्टर काढायचे, ०५/११ दिसेल, आणि त्यासारख्या बाकीच्या तारखाही शोधता येतील. हे वाचन मे महिन्यात उरकायला हवे. जूनच्या मध्यानंतर आशाताईंना उपकेंद्रापर्यंत येता येईलच असे नाही.